कोंडवाड्यात न मावणारे जनावर

बालाघाटच्या डोंगरात उगम पावणारी मांजरा नदी बीड जिल्ह्याच्या दक्षिण अंगाने वाहत पुढे लातूरकडे जाते. तिच्या खोऱ्यात, केज तालुक्यात, युसूफ वडगाव हे गाव आहे. नदीच्या नावाचा मांजराशी काही संबंध आहे काय, असे मुले विचारतात, तेव्हा मी तो प्रश्न भाषापंडितांवर सोपवून मोकळा होतो. परंतु या गावी एका मांजराने माझ्यापुढे जो प्रश्न टाकला, तो मात्र मला दुसऱ्या कोणावर सोपवता आला नाही. त्याचे उत्तर शोधण्यासाठी मला बराच काळ जुनी पुस्तके चाळावी लागली. हा लेख त्या शोधाचे फलित आहे.

काही वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या दिवसांत एका परिचित कुटुंबाकडे मी दोन दिवस मुक्कामाला होतो. घर जुन्या वळणाचे, माळवदाचे. शेजारचे घरही तसेच, आणि दोन्ही माळवदे एकमेकांना खेटून. शेजारच्या घरात एक वृद्ध आजी एकटीच राहत असे. मुलगा पुण्याला कामाला, सून-नातवंडे तिकडेच. आजीला सोबत होती ती एका करड्या मांजरीची. यजमानांच्या सुनेने बचत गटाचे कर्ज काढून कोंबड्या पाळल्या होत्या. आठवड्याभरात त्यांतील सात पिल्ले नाहीशी झाली, आणि आठवे पिल्लू नेताना मांजरी सर्वांच्या डोळ्यांदेखत माळवदावर चढली.

त्या संध्याकाळी ओट्यावर जे भांडण झाले, ते मी पूर्ण ऐकले. "आजी, तुमच्या मांजरीनं आमचं वाटोळं केलंय. पैसे कोण भरणार?" असे घरचा मुलगा म्हणाला. त्यावर आजीचे उत्तर होते, "अरे लेकरा, मांजर काय दावणीला बांधायचं असतंय व्हय? ती माझी असली तरी माझी हाय का? चार घरं फिरणारी ती!" बोलण्याने बोलणे वाढले. शेवटी मुलाने कोनाड्यातून उंदीर मारण्याच्या औषधाची पुडी काढून सर्वांसमोर धरली आणि उद्या ही दुधात कालवून ठेवतो, असे सांगितले. आजी मटकन खाली बसली. मग सर्वांनी माझ्याकडे पाहिले. "फादर, तुम्हीच सांगा, चूक कुणाची?"

मला सांगता आले नाही, हे कबूल करतो. मी एवढेच केले, की ती पुडी माझ्याकडे मागितली आणि सकाळपर्यंत विचार करायला वेळ मागून घेतला. दोघांचेही नुकसान खरे होते. पिल्ले कर्जाची होती. मांजरी एकाकी म्हातारपणाची सोबत होती. शेजाऱ्याचे जनावर आपल्या अंगणात आले आणि त्याने नुकसान केले, तर भरपाई कोणी करावी, हा प्रश्न मनुष्याने जनावरे पाळायला सुरुवात केली त्या दिवसाइतका जुना असणार. तेव्हा आधी पूर्वजांना विचारावे, असे मी ठरवले.

बैलाचा न्याय

लिखित कायद्यांपैकी अतिप्राचीन अशी हम्मुराबीची संहिता बाबिलोनमध्ये इसवी सनापूर्वी सुमारे १७५० या काळात कोरली गेली. तिच्यात मोकाट बैलाविषयी दोन नियम आहेत. रस्त्याने जाताना बैलाने अचानक एखाद्याला शिंग मारले आणि तो दगावला, तर मालकाकडे मागणे नाही. परंतु बैल मारका आहे हे मालकाला लोकांनी कळवले असेल आणि तरीही त्याने शिंगे बोथट केली नसतील किंवा बैल बांधून ठेवला नसेल, तर मात्र त्याने अर्धा मिना चांदी भरली पाहिजे.

आपल्या पवित्र शास्त्रातील निर्गम ग्रंथाचा एकविसावा अध्याय वाचताना हाच विवेक अधिक गंभीर स्वरूपात भेटतो. बैलाची मारकी खोड मालकाला ठाऊक नसेल, तर मालक निर्दोष. ठाऊक असून त्याने आवरले नाही आणि मनुष्य मेला, तर मालकावरही प्राणदंडाची जबाबदारी येते, आणि ती खंडणी भरूनच टळू शकते. त्याच अध्यायाच्या शेवटी एक विलक्षण तरतूद आहे. एकाच्या बैलाने दुसऱ्याचा बैल मारला आणि त्याची खोड आधी माहीत नव्हती, तर जिवंत बैल विकून त्याची किंमत दोघांनी वाटून घ्यावी, आणि मेलेला बैलही वाटून घ्यावा. खोड माहीत असेल तर मात्र मालकाने बैलाबद्दल पूर्ण बैल द्यावा. पुढच्या अध्यायात आपले गुरे दुसऱ्याच्या शेतात चरू देणाऱ्याने आपल्या शेतातील उत्तम पिकातून भरपाई करावी, असे सांगितले आहे. त्याच्या पुढच्या अध्यायात तर शत्रूचा बैल वा गाढव भरकटलेले दिसल्यास ते त्याच्याकडे पोहोचते करण्याची आज्ञा आहे. म्हणजे जनावराच्या निमित्ताने शेजारधर्म शत्रूपर्यंत नेऊन पोहोचवला आहे.

या सर्व नियमांतून एक धागा सरळ जातो. जबाबदारीचे मूळ मालकीत जेवढे आहे, त्याहून अधिक ते जाणिवेत आहे. 'कळले होते काय?' हा न्यायाधीशाचा पहिला प्रश्न आहे. न कळता झालेले नुकसान दोघांनी सोसायचे. कळल्यानंतर झालेले नुकसान मालकाचे.

आपल्या भूमीतही हा विचार परका नाही. याज्ञवल्क्यस्मृतीत दुसऱ्याचे पीक खाणाऱ्या जनावरांच्या मालकाला दंड सांगितला आहे. म्हशीला आठ माष, गाईला त्याच्या निम्मे, शेळी-मेंढीला त्याच्याही निम्मे. नुकती व्यालेली गाय, देवाच्या नावाने सोडलेला वळू अशा काही जनावरांना सूट आहे. या स्मृतीवरील 'मिताक्षरा' ही प्रसिद्ध टीका विज्ञानेश्वराने चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या काळात कल्याणी येथे लिहिली. हे कल्याणी म्हणजे आजच्या कर्नाटकातील बसवकल्याण. मराठवाड्याच्या सीमेपासून ते फार दूर नाही. ज्या मुलखात आपण राहतो, त्याच मुलखाच्या उंबरठ्यावर नऊशे वर्षांपूर्वी एक पंडित शेजाऱ्याच्या म्हशीचा दंड मोजत बसला होता, ही कल्पना मला सुखावून जाते.

आणि आता गंमत पाहा. ब्रिटिश सरकारने १८७१ साली गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा केला. त्यानुसार पिकात शिरलेले जनावर पकडून चोवीस तासांच्या आत कोंडवाड्यात नेऊन घालायचे, आणि मालकाने दंड व चाऱ्याचा खर्च भरून ते सोडवायचे. सात दिवसांत कोणी आले नाही, तर पुढे जाहीर करून त्याचा लिलाव. या कायद्याच्या मूळ दरपत्रकात हत्तीला दोन रुपये, म्हशीला आठ आणे, गाय-बैलाला चार आणे, आणि शेळी-मेंढीला एक आणा दंड आहे. माष जाऊन आणे आले. पण म्हैस आठ आणि गाय चार हे प्रमाण शतकानुशतके ओलांडून जसेच्या तसे राहिले! डुकरांच्या मालकाला तर स्वतंत्र कलमाने दहा रुपयांपर्यंत दंड होता.

युसूफ वडगाव त्या काळी निजामाच्या राज्यात होते. १९४८ च्या १७ सप्टेंबरला ते राज्य संपले. १९५६ साली मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यात कोंडवाड्यांविषयी तरतुदी आहेत, आणि माझ्या पिढीतील बहुतेकांनी गावाच्या कडेला दगडी भिंतींचा, वर छप्पर नसलेला कोंडवाडा पाहिला आहे. त्यात हंबरणारी गाय, तिला सोडवण्यासाठी पावतीचे पैसे जमवीत फिरणारा मालक आणि मालकाच्या मागे रडवेली मुले हे दृश्य विसरता येणार नाही.

परंतु १८७१ च्या कायद्यात जनावरांची जी यादी आहे, ती मी पुन्हा पुन्हा वाचली. हत्ती आहे, उंट आहे, खेचर आहे, गाढव आहे, करडूसुद्धा आहे. मांजर नाही.

मांजराचा अपवाद

मांजर का नाही? विसरले म्हणून नव्हे. मांजर हे इतर पाळीव जनावरांसारखे मनुष्याने धरून, बांधून, वेसण घालून आणलेले नाही. शास्त्रज्ञांचे मत असे, की पश्चिम आशियातील माणसाने शेती सुरू करून धान्य साठवले, धान्यामागे उंदीर आले, आणि उंदरांमागे रानमांजर आले. मनुष्याने त्याला हाकलले नाही, एवढेच आपले कर्तृत्व. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनात मनुष्याजवळ पुरलेले मांजर सापडले असून, हा शोध २००४ साली प्रसिद्ध झाला. आजीच्या बोलण्यात मोठे शास्त्र होते, हे मला हे वाचल्यावर कळले. मांजर दावणीचे नाहीच. ते कणगीचे आहे.

पवित्र शास्त्रात मांजराचा उल्लेख शोधावा तर तो एकदाच सापडतो, आणि तोही बारूखच्या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात. मूर्तींच्या अंगावर वटवाघळे, पाखरे आणि मांजरे बसतात, अशा अर्थाचे ते वाक्य आहे. प्रॉटेस्टंट बंधूंच्या बायबलमध्ये हा ग्रंथ नसल्याने त्यांच्या शास्त्रात मांजर नाहीच. आपल्या शास्त्रातही ते कोणाचे म्हणून येत नाही. आपखुशीने येते आणि हवे तिथे बसते.

ख्रिस्ती युरोपात मांजराची किंमत कायद्याने ठरवल्याचे एक उदाहरण वेल्स देशात आढळते. दहाव्या शतकातील राजा हाइवेल याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्यांत डोळे न उघडलेल्या पिलाची किंमत एक पेनी, उंदीर मारू लागेपर्यंत दोन पेन्स, आणि उंदीर मारू लागल्यावर चार पेन्स अशी आहे. विकणाऱ्याने मांजराची नखे शाबूत असल्याची आणि ते उंदीर मारते याची हमी द्यायची असे. मांजराची खरी किंमत त्याच्या कामात आहे, हे त्या राजाने ओळखले होते.

मध्ययुगाविषयी एक गैरसमज अलीकडे सर्वत्र ऐकू येतो, तोही येथे दूर करावासा वाटतो. पोप नववे ग्रेगरी यांनी १२३३ साली मांजरे मारण्याची आज्ञा दिली, त्यामुळे उंदीर माजले आणि चौदाव्या शतकातील काळ्या मृत्यूची साथ पसरली, अशी कथा सांगतात. त्या वर्षीच्या पोपच्या पत्रात जर्मनीतील एका पाखंडी पंथाच्या कथित विधींचे वर्णन आहे आणि त्यात काळ्या मांजराचा उल्लेख आहे, हे खरे. मांजरे मारण्याची आज्ञा मात्र त्यात नाही. साथ आली ती शंभराहून अधिक वर्षांनी, आणि मांजरे भरपूर असलेल्या देशांतही ती पसरली. ख्रिस्तसभेच्या हातून इतिहासात चुका झाल्या आहेत आणि त्या आपण कबूल केल्या पाहिजेत. पण न झालेली चूक कबूल करण्यात नम्रता नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. शेजाऱ्याच्या मांजराने आपली पाखरे मारली, तर मालकाने भरपाई द्यावी काय, असा अगदी युसूफ वडगावचाच खटला १९२६ साली लंडनच्या अपील न्यायालयापुढे आला होता. बकल विरुद्ध होम्स हे त्याचे नाव. वादीची कबुतरे आणि छोट्या जातीच्या कोंबड्या प्रतिवादीच्या मांजराने मारल्या होत्या. न्यायालयाने मालकाला जबाबदार धरले नाही. भटकणे आणि पाखरे धरणे हा मांजराचा जातिस्वभाव आहे, ती त्या एका मांजराची विशेष खोड नव्हे. आणि मांजर कोंडून ठेवावे अशी अपेक्षा समाजाने कधी केलेली नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. आजीचेच म्हणणे, फक्त इंग्रजी न्यायाधीशाच्या टोपाखालून!

मात्र न्यायालयाने दंड केला नाही म्हणजे कर्तव्य संपले, असे मला वाटत नाही. कायदा जेथे थांबतो, तेथून शेजारधर्म सुरू होतो. मांजर चार घरे फिरते म्हणून ते कोणाचेच नाही, हे एक उत्तर. चार घरे फिरते म्हणून ते चारही घरांचे आहे, हे दुसरे उत्तर. या दोहोंपैकी कोणते खरे, याची साक्ष एका भयंकर साथीने दिली आहे.

प्लेगची साक्ष

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात तापाने माणसे मरू लागली. हा गाठीचा प्लेग आहे, हे प्रथम ओळखून उघडपणे सांगणारे डॉक्टर अकासियो गॅब्रिएल व्हिएगस हे गोव्यातील हडफडे गावचे, आपल्याच समाजाचे. त्यांचा पुतळा धोबीतलावाला मेट्रो चित्रपटगृहासमोर उभा आहे. त्याच्याजवळून रोज हजारो लोक जातात, पण थांबून नाव वाचणारे थोडे. पुढील काळाचा इतिहास वाचकांना परिचित आहे. १८९७ च्या १० मार्चला पुण्यात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले याच रोगाने गेल्या. त्याच वर्षी साथीच्या रोगांचा कायदा आला, घराघरांत सोजीर शिरले, आणि २२ जूनला रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. मुंबईच्या ईस्ट इंडियन वस्त्यांत साथीच्या काळी नवस बोलून उभारलेले क्रूस आजही दिसतात. या साथीच्या दोन-अडीच दशकांत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे मेली.

रोगाचा जंतू यर्सिन याने १८९४ साली हाँगकाँगला शोधला होता. उंदरांवरील पिसवा तो मनुष्यापर्यंत नेतात, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ साली कराचीत दाखवले. परंतु त्याचे म्हणणे मान्य व्हायला पुढची काही वर्षे जावी लागली. खेड्यातील लोकांना मात्र पुस्तकावाचून एक गोष्ट ठाऊक झाली होती. घरात उंदीर पडू लागले, की गाव सोडून रानात झोपड्या टाकायच्या.

याच काळात वऱ्हाडात, अमरावतीला, अँड्र्यू ब्युकॅनन नावाचे लष्करी वैद्यकीय सेवेतील डॉक्टर होते. त्यांनी एक साधे काम केले. गावोगावची मांजरे मोजली. ज्या गावांत पुरेशी मांजरे आहेत तेथे प्लेग क्वचित आढळतो, असा निष्कर्ष त्यांनी १९०८ च्या सुमारास वैद्यकीय नियतकालिकांतून मांडला आणि प्रत्येक घराने मांजर पाळावे, असा आग्रह धरला. सर्वच शास्त्रज्ञांनी तो निष्कर्ष मान्य केला असे नाही. पण मांजराला सार्वजनिक आरोग्याचे सेवक मानणारी एक चळवळ आपल्या महाराष्ट्राच्या मातीत उभी राहिली, हे विसरण्यासारखे नाही.

येथे प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मांजरालाही प्लेग होतो. अमेरिकेच्या पश्चिम भागात १९७७ ते १९९८ या काळात मांजरांकडून २३ जणांना प्लेग झाला आणि त्यांतील पाच दगावले. मांजर पाळणाऱ्याने आजारी मांजराकडे दुर्लक्ष करू नये, हा त्याचा बोध.

हा सगळा इतिहास दूरचा वाटत असेल, तर बीड जिल्ह्यातील वाचकांनी १९९४ आठवावे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर-उस्मानाबादची गावे जमीनदोस्त केली. बीड जिल्ह्यातही दगडमातीच्या घरात झोपायचा लोकांना धसका बसला. अभ्यासकांनी पुढे असे कारण मांडले, की माणसे जुन्या घरांतून बाहेर पडली, धान्य मात्र तेथेच साठून राहिले, आणि उंदरांना राज्य मिळाले. पुढच्या वर्षी बीडजवळच्या मामला गावात आधी पिसवांचा त्रास सुरू झाला, उंदीर पडू लागले, आणि सप्टेंबर १९९४ मध्ये गाठीच्या प्लेगचे संशयित रुग्ण आढळले. १९६६ नंतर जवळजवळ २८ वर्षे ज्या रोगाचा माणसांतील एकही रुग्ण देशात नोंदला गेला नव्हता, तो आपल्या जिल्ह्यात प्रकटला. त्याच महिन्यात सुरत शहरात फुप्फुसाच्या प्लेगने हाहाकार उडवला आणि लाखो लोक शहर सोडून पळाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या नोंदीप्रमाणे देशात ८७६ संभाव्य रुग्ण आणि ५४ मृत्यू झाले. त्या दिवसांत बाजारात रुमाल तोंडाला बांधून फिरणारी माणसे आणि औषधाच्या दुकानात टेट्रासायक्लिन मागणाऱ्यांची रांग मी पाहिली आहे.

मामल्यात मांजरे किती होती, याची मोजदाद करणारा ब्युकॅनन तेव्हा नव्हता. मांजरे असती तर साथ आली नसती, असे मी म्हणणार नाही. पण कणगी, उंदीर, मांजर आणि मनुष्य हे एका साखळीचे दुवे आहेत, आणि रागाच्या भरात एक दुवा तोडणारा सगळ्या गावाच्या साखळीला हात घालतो, एवढे म्हणण्याचा अधिकार या इतिहासाने आपल्याला दिला आहे. उंदरांसाठी ठेवलेले विष खाऊन उंदीर मरतो. तो उंदीर खाऊन मांजर मरते. राहिलेले उंदीर पुन्हा वाढतात; मांजर मात्र लवकर वाढत नाही.

दोघांचे कर्तव्य

आजचा आपला कायदा काय म्हणतो, तेही थोडक्यात पाहू. जनावराकडून माणसाच्या जिवाला वा शरीराला धोका होईल असा हलगर्जीपणा करणाऱ्या मालकाला १८६० च्या दंडसंहितेच्या २८९ व्या कलमान्वये शिक्षा होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते २९१ वे कलम आहे. कोंबडीच्या पिल्लांना मात्र त्याचे संरक्षण नाही. उलट कोणत्याही जनावराला मारणे वा विष घालणे हा नव्या संहितेच्या ३२५ व्या कलमाप्रमाणे पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. आणि १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याच्या अकराव्या कलमानुसार, उपासमार होईल अशा स्थितीत आपले जनावर सोडून देणे हाही गुन्हाच आहे. मांजरीची पिले पोत्यात घालून दुसऱ्या गावच्या वेशीवर सोडून येणारे आपल्यात पुष्कळ आहेत. आपण गुन्हा करीत आहोत, हे त्यांच्या गावीही नसते.

१९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथाने या बाबतीत तराजू समतोल धरला आहे. प्राण्यांना विनाकारण यातना देणे मानवी प्रतिष्ठेला शोभत नाही. त्याचबरोबर, मनुष्याच्या दुःखनिवारणासाठी खर्च व्हावे ते धन प्राण्यांवर उधळणेही योग्य नाही. म्हणजे कर्जाने घेतलेल्या पिल्लांमागे उभी असलेली गरीब सून आणि मांजरीमागे उभी असलेली एकाकी आजी, दोघींकडेही पाहिले पाहिजे.

तेव्हा मांजर पाळणाऱ्याने काय करावे? त्याला घरी वेळेवर पोटभर घालावे. पोट भरल्याने मांजराची शिकारीची खोड पूर्ण जात नाही, पण घराशी बांधिलकी राहते. पिलांचा पसारा वाढू नये म्हणून जनावरांच्या दवाखान्यात शस्त्रक्रियेची चौकशी करावी. आजारी मांजरावर उपचार करावेत. मांजराने ओरबाडले वा चावले, तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन सरकारी दवाखाना गाठावा, कारण पिसाळ रोग मांजराकडूनही होऊ शकतो. आणि शेजाऱ्याने नुकसान सांगितले, की 'मांजर कुठे माझे' असे म्हणू नये. शेजाऱ्याने काय करावे? शिंक्याचे तुटले की बोक्याचे फावणारच. तेव्हा आधी शिंके पाहावे. खुराड्याला जाळी लावावी, दूध झाकावे, धान्य बंद कोठीत ठेवावे, आणि विषाची पुडी कोनाड्यात येऊ देऊ नये. त्या कोनाड्यापर्यंत लहान मुलांचेही हात पोहोचतात.

त्या सकाळी युसूफ वडगावच्या ओट्यावर यांपैकी बहुतेक गोष्टी मला ठाऊक नव्हत्या. परंतु निर्गम ग्रंथातील बैलाची वाटणी मला आठवली, आणि मी तीच सांगितली. आजपर्यंत जे झाले ते कोणाला कळले नव्हते. ते नुकसान अर्धे-अर्धे. आजपासून सर्वांना कळले आहे. यापुढचे पूर्ण आजीचे. आणि खुराडे उघडे राहिले तर ते पूर्ण तुमचे.

आजी उठून आत गेली आणि लुगड्याच्या गाठीतून पैसे काढून घेऊन आली. चार पिल्लांचे. मुलाने हात मागे घेतला. "राहू द्या आजी," तो म्हणाला. पण त्याची बायको पुढे झाली आणि तिने ते पैसे मोजून घेतले. मला प्रथम ते खटकले. नंतर वाटले, तिचेच बरोबर होते. कर्ज तिच्या नावावर होते, आणि घेतलेल्या पैशांनी आजीचा मानही राहिला. फुकटची माफी म्हातारपणाला फार जड होते. त्याच पैशांतून दुपारी खुराड्याला जाळी आली. जाळी ठोकताना खिळे धरायला आजी बसली होती.

पुडी मी येताना बरोबर आणली आणि धर्मग्रामाच्या आवारात खोल खड्डा करून पुरली. ती पुरताना वर माळवदावर एक मांजर बसले होते. कोणाचे, ते मला माहीत नाही.